वैशाखऱ्याचा गोट्यांचा काठ

वैशाखरे गावाच्या अलीकडे नदी वळते, तिथं गोट्यांचा लांबलचक काठ आहे. घाटातल्या कड्यावरून दगड कोसळतो तेव्हा चांगला टोकदार असतो. मग पावसाळ्यामागून पावसाळे पाणी त्याला लोळवतं, दुसऱ्या दगडांवर घासतं, त्याचे कोपरे झिजवतं. इथं येईस्तोवर तो गुळगुळीत, नारळाएवढा होतो. मधली माती पाण्यानं कधीच नेलेली, त्यामुळे गोट्याला गोटा धरून ठेवणारं काही नाही. पाय जपून टाकायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण तापलेल्या धाऊला कोण सांगणार?

अठ्ठ्याण्णव सालचा ऑक्टोबर होता. धाऊची बायको बारकी त्याला न सांगता घरातून निघाली होती. अकरा वाजता मुरबाडला अंगणवाडी मदतनीसाची मुलाखत होती. लग्नाला सहा वर्षं झाली, पण धाऊनं तिला माहेरीसुद्धा कधी एकटं सोडलं नव्हतं. बायको नोकरीला गेली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील, हे त्याचं पालुपद. नदी ओलांडून सडकेवर एसटी धरायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती काठावर पोचते न पोचते तोच हा मागून धावत आला. पायाखालचे गोटे सरकले आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

इथं लख्ख ऊन होतं, पण रात्रभर घाटात पाऊस कोसळला होता. पाणी गढूळ होऊन चढत होतं.

बारकी परत फिरली. मला विचाराल तर तिनं फिरायलाच नको होतं.

"धारेच्या खालच्या अंगानं गोटे काढ," धाऊ कण्हत म्हणाला.

तिनं काढले. तशी वरची रास घसरली आणि पाय मांडीपर्यंत गाडला गेला. धाऊ लहान पोरासारखा रडायला लागला.

मग तिला दिसलं. पाण्यानं रेटून रेटून सगळे गोटे एकाच बाजूला कलले होते, वरच्या अंगाचा खालच्यावर टेकलेला, छपरावरच्या कौलांसारखे. दर वैशाखात हाच धाऊ गावभर कौलं शाकारत फिरायचा आणि तीच त्याच्या हाताखाली असायची.

"कौलं उतरवताना सुरुवात कुठनं करता तुमी?"

"आढ्याकडनं," तो ओशाळून म्हणाला.

ती प्रवाहाच्या वरच्या अंगाला गेली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि एकेक गोटा उचलू लागली. नखं तुटली. शेवटच्या मोठ्या धोंड्यावर हात ठेवून ती थांबली.

"मी मुरबाडला जानार. काम लागलं तर रोज जानार. अडवाल?"

"नाय अडवनार. आईची आन."

तो खरंच बोलत होता, हे तिला कळलं. तिनं धोंडा लोटला. पाय बाहेर आला, पण नडगी मधेच वाकली होती. पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं. पलीकडे सडकेवर एसटी येऊन थांबली.

"जा तू," धाऊ म्हणाला. "गाडी जाईल."

बारकीला असा संताप आला की डोळ्यांतून पाणीच आलं.

"सहा वर्षांत 'जा' आजच म्हनालात," ती म्हणाली, आणि खाली बसून तिनं त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.