ओट्यावरची रेंज

दगडाबाईचं शहाणपणाशी काही वाकडं नव्हतं, पण शहाण्या माणसांचा तिला मनापासून तिटकारा होता. त्याला कारणही तसंच होतं. तिच्या घरासमोर शहाण्यांच्या तीन बिल्डिंगा उभ्या होत्या आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक जण दिवसातून एकदा तिच्या ओट्यावर येऊन आपलं शहाणपण मोठ्याने बोलून जात असे.

टिटवाळ्याच्या टोकाला, रस्ता संपून नाला लागतो तिथे, पूर्वी दगडाबाईच्या नवऱ्याच्या, गुणाजीच्या भावकीची भातशेती होती. भावांनी ती विकली आणि बिल्डरने तिच्यावर 'रिव्हर क्राउन' उभं केलं. रिव्हर म्हणजे मागचा नाला. क्राउन कुठे आहे ते अजून कोणाला सापडलेलं नाही. गुणाजीने आपलं घर तेवढं विकलं नाही. तेव्हा बिल्डरने कॉम्प्लेक्सच्या मागच्या भिंतीत त्याच्यासाठी एक फाटक ठेवलं, "काका, हे कायम तुमचं," असं तोंडी सांगितलं आणि तो दुसरीकडे बिल्डिंगा बांधायला निघून गेला. फाटकातून आत शिरलं की कॉम्प्लेक्सचा सिमेंटचा रस्ता आणि तिथून सरळ स्टेशन रोड. फाटक नसेल तर नाल्याच्या बांधावरून चिखल तुडवत लांबचा वळसा. त्या वाटेने रिक्षा सोडा, धड बकरी चालत नाही.

गुणाजीच्या किडन्या गेल्या आणि ते फाटक म्हणजे त्याचा जीव होऊन बसलं. आठवड्यातून तीनदा त्याला कल्याणला डायलिसिसला न्यावं लागे. पुतण्या यज्ञेश सकाळी रिक्षा घेऊन फाटकाशी यायचा, दगडाबाई नवऱ्याला धरून तिथवर आणायची. वेळ चुकली की मशीन दुसऱ्या पेशंटला देत. एकदा तसं झालं होतं. तेव्हा गुणाजीच्या पायांचे खांब झाले, रात्रभर तो उशीला टेकून बसल्या बसल्या श्वास ओढत होता आणि दगडाबाई त्याची पाठ चोळत देवाला शिव्या घालत होती. ती रात्र पुन्हा नको, एवढं एकच मागणं आता तिचं उरलं होतं.

आता रेंजचं. रिव्हर क्राउन खोलगट जागेत होतं, त्यामुळे तिथे कोणत्याच मोबाईल कंपनीचं धड काही पोचत नसे. एका कंपनीने गच्चीवर टॉवर बसवायचं विचारलं होतं. पण टॉवरच्या लहरींनी माणसं मरतात म्हणून सोसायटीने एकमुखाने नकार दिला आणि सगळे घरी जाऊन फोन उशाशी घेऊन झोपले. इंटरनेटची वायर बिल्डरच्या मेहुण्याकडे होती आणि ती कायम 'गणपतीनंतर' येणार होती. मग कोणाला खिडकीच्या गजाला चिकटून रेंजची एक काडी मिळे, कोणाला मोरीत. दगडाबाईच्या ओट्यावर मात्र कुठलीही कंपनी असो, काड्या भरभरून. ओटा जरा उंचावर होता, समोर अडथळा नव्हता, एवढीच त्याची पुण्याई.

त्यामुळे फाटकातून ये-जा सुरू झाली. सकाळी ऑफिसवाले, दुपारी बायका, संध्याकाळी सगळेच. ओट्यावर गुणाजीची बाज होती. कोणी आलं की तो गरीब माणूस उठून आत जाई आणि म्हणे, "बसूंदे गं, पावनं हायेत." पाहुणे बाजेवर ऐसपैस बसत आणि खोटं बोलत. "सर, मी ठाण्याला पोचलो, ट्रॅफिकमध्ये अडकलोय," असं सांगणारा माणूस तिच्या कोंबड्यांना हुसकत असे. दगडाबाई भांडी घासता घासता सगळं ऐके. शिकलेली माणसं इतकं खोटं बोलतात हे तिला पूर्वी माहीत नव्हतं. यात हेमांगी म्हणून एक पोरगी तेवढी "काकू, पाणी देता?" असं विचारून तिच्या हातचं पाणी पीत असे. बाकीचे आपापल्या बाटल्या घेऊन येत.

या सगळ्यांचे मुकुटमणी म्हणजे सेक्रेटरी त्र्यंबकराव. रिटायर झालेले, भाषा अगदी पुण्याची, आणि दगडाबाई त्यांच्याच वयाची असून तिला 'आजी' म्हणायची हौस. त्यांनी ठरवलं की सबंध कॉम्प्लेक्सने मिळून एकच मोबाईल कंपनी निवडायची, म्हणजे कंपनीवर वचक राहील. त्यासाठी त्यांनी तीन कंपन्यांची पोरं बोलावली आणि एका रविवारी परीक्षा ठेवली. कुठे ठेवली? दगडाबाईच्या ओट्यावर!

"फोनवर बोलायला आपण जमतो तेच परीक्षेचं स्थळ," त्र्यंबकराव म्हणाले. "तिन्ही कंपन्यांना समान संधी. शास्त्रशुद्ध."

दगडाबाई तांदूळ निवडत होती. तिच्याने राहवलं नाही. "साहेब, बोलाचा तुमच्या घरान, न् बगताव माज्या वट्यावं? घरान जावन बगा ना."

"आजी, यातलं तुम्हाला नाही कळायचं," त्र्यंबकराव हसले आणि बाकीचेही हसले. हेमांगी म्हणाली, "पण काका, त्या बरोबर बोलतायत." तिला तर कोणी उत्तरही दिलं नाही.

कव्हरेजमध्ये तिन्ही कंपन्या पहिल्या आल्या, कारण ओटाच तसा होता. मग सर्व्हिसची पाळी आली. त्र्यंबकरावांनी बाजेवर मांडी ठोकून तिघांच्या कस्टमर केअरला फोन लावले. पहिल्या कंपनीने बराच वेळ गाणं ऐकवलं. दुसरीने हिंदीत एक दाबा, दोन दाबा केलं. तिसऱ्या कंपनीची मुलगी मात्र लगेच बोलली, मराठीत बोलली आणि शेवटी "आपला दिवस आनंदात जावो, सर," असंही म्हणाली. त्र्यंबकरावांना गहिवरून आलं. "याला म्हणतात सेवा," ते म्हणाले, आणि आठवड्याभरात रिव्हर क्राउनमधल्या झाडून सगळ्यांनी आपापले नंबर त्या कंपनीत नेले.

झालं. ज्यांना मोरीत एक काडी मिळत होती त्यांची मोरीही गेली. घरात नाही, जिन्यात नाही, गच्चीवर नाही, त्या कंपनीचं नाव म्हणून कुठे उमटेना. परत बदलावं तर तीन महिने बदलता येत नाही, असा नियम निघाला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर अख्खा गोठा रिकामा झाला होता. त्र्यंबकराव तावातावाने तक्रार करायला निघाले. फोन लावायला अर्थातच ओट्यावर आले.

"अहो, आमच्याकडे तुमचं नेटवर्क शून्य आहे!" ते ओरडले.

"सर, तुम्हाला आत्ता माझा आवाज नीट येतोय का?" तीच गोड मुलगी.

"येतोय ना, उत्तम येतोय."

"धन्यवाद सर. मग तुमची तक्रार सुटली असं नोंदवते. आपला दिवस आनंदात जावो."

दगडाबाई आत जाऊन पदराचा बोळा तोंडात धरून हसली. बऱ्याच दिवसांनी गुणाजीही तिच्याबरोबर हसला, खोकला येईपर्यंत.

पण हसू फार टिकलं नाही. आता तर सगळा कॉम्प्लेक्स ओट्यावर लोटू लागला, फाटक दिवसभर सताड उघडं राहू लागलं, आणि तेव्हा शहाण्यांच्या लक्षात आलं की उघड्या फाटकातून बाहेरची माणसं आत येऊ शकतात. बाहेरची माणसं म्हणजे कोण? त्या बाजूला घर एकच होतं. ज्यांच्या शेतात तुम्ही राहता, ज्यांच्या बाजेवर बसून तुम्ही फोन करता, ती बाहेरची! दगडाबाईला हे ऐकून इतका राग आला की त्या दिवशी तिची भाकरी तव्यावर जळली. सोसायटीने मीटिंग घेतली आणि फाटकाला कुलूप लावायचं ठरवलं. कुलूपही साधं नाही, आकड्यांचं. बटण दाबायचं, सभासदाच्या फोनवर कोड येणार, तो आकड्यांच्या पेटीवर मारला की फाटक उघडणार, आतून काय आणि बाहेरून काय.

"आणि आमी?" दगडाबाईने विचारलं. "आमच्या माणसाला दवाखान्यान न्यावाचा असतं."

"तुम्ही नुसती बेल वाजवायची, आजी. वॉचमन मला फोन करेल, मी कोड सांगेन. मिनिटाचं काम," त्र्यंबकराव म्हणाले.

ठाण्यातल्या खोपटहून एक माणूस आला, त्याने पुरुषभर उंचीचं नवं लोखंडी फाटक आणि पेटी बसवली. स्वतःच्या फोनवर कोड मागवून फाटक दोनदा उघडून दाखवलं. त्याच्या फोनची कंपनी वेगळी होती आणि फाटकाशी तिची एक काडी येत होती. टाळ्या पडल्या आणि तो ठाण्याला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजीचा डायलिसिस होता.

दगडाबाईने त्याला धरून फाटकापाशी आणलं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि बेल दाबली. आतल्या बाजूला यज्ञेशची रिक्षा उभी होती. वॉचमनने त्र्यंबकरावांना फोन लावला. फोन लागेना. परत लावला, परत तेच. मग वॉचमन जिने चढून वर गेला. तोवर ओट्यावर यायला निघालेली पाच-सहा माणसंही फाटकाच्या आत जमली होती. तीही बटण दाबत होती आणि हातातल्या फोनकडे बघत होती. पेटीवर अक्षरं चमकत होती, 'कोड पाठवला आहे'. पाठवला होता, यात शंका नाही. येत मात्र कोणाकडेच नव्हता.

त्र्यंबकराव लेंग्यावरच धावत आले. त्यांनी फोन वर धरला, खाली धरला, शेवटी वॉचमनच्या स्टुलावर चढून हात आभाळाकडे केला.

"काका," यज्ञेश म्हणाला, "कोड कुठे येणार?"

"फोनवर."

"आणि फोनला रेंज कुठे येते?"

सगळ्यांच्या माना हळूहळू फाटकापलीकडच्या ओट्याकडे वळल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा काखेतून काढून कुंपणापलीकडे ठेवला होता आणि वर कुलूपही यांनीच घातलं होतं.

"त्या खोपटवाल्याला फोन लावा," कोणीतरी म्हणालं.

"कुठून लावू?" त्र्यंबकराव खेकसले.

दगडाबाईला यातलं काही हसण्यासारखं वाटत नव्हतं. गुणाजीचे पाय चपलेत मावत नव्हते आणि तो तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. तिकडे मशीन वाट बघणार नव्हतं.

"आना तो फोन इकरं!" ती ओरडली.

त्र्यंबकरावांनी गजांमधून आपला फोन तिच्या हातात दिला. ती दुखऱ्या गुडघ्यांनी ओट्याकडे पळाली, म्हणजे तिला जमेल तशी पळाली. ओट्यावर पाय ठेवताच फोन टिंग टिंग वाजू लागला. तिने डोळे बारीक करून आकडे ओरडून सांगितले. त्र्यंबकरावांनी पेटीवर मारले. लाल दिवा! कोडाची मुदत संपली होती. परत बटण, परत टिंग.

"सात! नव! दोन! चार! नीट मारा, मेल्यांनो!"

हिरवा दिवा लागला आणि फाटक उघडलं. यज्ञेशने चुलत्याला उचलूनच रिक्षात बसवलं. आतली माणसं लगबगीने ओट्याकडे निघाली होती, पण दगडाबाईने दोन्ही हात पसरून त्यांना फाटकातच अडवलं. "थांबा." ती घरात गेली आणि सासूच्या हातचा मसाल्याचा पाटा दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन आली. हेमांगी धरायला पुढे झाली, पण तिने हात लावू दिला नाही. पाटा तिने उघड्या फाटकाच्या तोंडाशी घातला, असा की फाटक पुन्हा मिटू नये.

"साहेब," ती धापा टाकत म्हणाली, "यो पाटा इथशी हलला, त माज्या वट्यावं कुनी पाय ठेवाचा नाय. कुनी म्हंजे कुनी नाय."

"अहो आजी, पण ठराव झालाय—"

"ठराव तुमच्या घरान ठेवा. जागा हाय तिकरं, रेंज नाय त." तिने त्यांचा फोन त्यांच्या हातावर ठेवला आणि ती रिक्षात बसली.

मशीन मिळालं. थोडं उशिरा मिळालं, थोडं कमी वेळ मिळालं, पण मिळालं. पाटा हलवला असेल तर काय करायचं, याचाच दगडाबाई परतीच्या वाटेवर विचार करत होती. ओटा बंद करीन असं ती बोलून गेली होती खरी, पण फाटक मिटलेलं असलं तर नवऱ्याला घरी तरी कसं न्यायचं, ते तिला सुचत नव्हतं.

पाटा जागच्या जागी होता. त्याला हात लावायची एकाचीही छाती झाली नव्हती. रिक्षा फाटकाशी थांबली आणि ती गुणाजीला धरून ओट्यापर्यंत आली. ओटा भरलेला होता. बाजेवर पाठमोरे त्र्यंबकराव बसले होते आणि कोणाला तरी फोनवर सांगत होते, "अहो, सबंध कॉम्प्लेक्सला एकच कंपनी. निवड माझी! कव्हरेज? घरबसल्या बोलतोय ना तुमच्याशी, इतका स्वच्छ आवाज येतोय!"

गुणाजी सवयीने दाराकडे वळला. "बसूंदे गं, पावनं—"

"नाय," दगडाबाई म्हणाली. "साहेब, उठा."

त्र्यंबकरावांनी मागे न बघताच एक बोट वर केलं, एक मिनिट म्हणून.

तिने सरळ त्यांच्या कानावरचा फोन काढून घेतला. सकाळपासून तो तिच्या हाताच्या ओळखीचा झाला होता. फोनमध्ये ती म्हणाली, "साहेब त्यांच्या घरान नाय. घरान त्यांना काय येत नाय. माज्या वट्यावं बसल्यान, माज्या मानसाच्या बाजेवं. आता उठतील, मंग बोला." आणि फोन तिने त्यांच्यापुढे धरला.

त्र्यंबकराव उठले. त्यांच्याबरोबर बाजेच्या कडेला टेकलेले बाकीचेही उठले. गुणाजी बाजेवर आडवा झाला, दगडाबाईने त्याचे पाय उचलून उशीवर ठेवले आणि ती त्याच्या पायथ्याशी बसली. लोक ओट्याच्या कडेला उभं राहून बोलत होते, आणि आज जरा हळू बोलत होते.