नाखव्याची कबर

"हात काढ माझ्या पणजोबावरून!"

इलियासचा ब्रश हवेतच थांबला. मागे न बघताही त्याला कळलं, फुजैल. एवढा फाटका आवाज अख्ख्या पनवेलमध्ये त्याच्या या मावसभावाचाच.

"तुझा पणजोबा बकऱ्या वळायचा," इलियास म्हणाला. "नाखवा आमचा."

भांडण ज्या कबरीवरून चाललं होतं, तशी दुसरी कब्रस्तानात नव्हती. काळ्या दगडाची, थेट गलबतासारखी. पुढे टोकदार नाळ, मधोमध हातभर दगडी डोलकाठी. कुणा जहाजमालक नाखव्याची असणार, एवढंच ठाऊक. नाव कधीच झिजून गेलेलं. शब-ए-बरात, मेलेल्या माणसांसाठी दुआ मागायची रात्र, आली की जो तो आपापल्या माणसांच्या कबरी साफ करून सफेदी करायचा. बेवारस कबरीला जो सफेदी करेल, तो तिचा वारस, असं मोहल्ल्यात मानायचे.

आणि दोन हजार सोळाच्या मे महिन्यात इलियासला वारस होणं भागच होतं. मुलगी जास्मीन हिच्यासाठी उरणचं स्थळ आलं होतं. नवरामुलगा इमाद, बहारीनला नोकरी. बोलणी करताना इलियासने फुशारकी मारली, "आमचं खानदान नाखव्याचं. कबर आहे गलबताची!" इमादचे आजोबा एकदम सरसावून बसले. म्हणाले, "मग बघायलाच येतो. कबरीवर फातेहा पण पढू."

फुजैलला हे कळलं, आणि त्याचाही पणजोबा रातोरात समुद्रावर गेला.

इलियासने पांढरी सफेदी केली. दुसऱ्या दिवशी कबर हिरवीगार. फुजैलचं हार्डवेअरचं दुकान होतं, ऑइलपेंट घरचाच. इलियास पत्रा घेऊन हिरवा रंग खरवडायला बसला, तर डोलकाठी काडकन मोडली. ती त्याने सिमेंटने चिकटवली, ती वाकडी बसली. आधाराला आणखी सिमेंट थापलं.

"वरवंटा उभा केलास काय रे माझ्या पणजोबाच्या छातीवर?" फुजैल ओरडला, आणि त्याने नाळेपासून शेपटापर्यंत सगळं प्लास्टर करून टाकलं. वर दुकानात पडून असलेल्या बाथरूमच्या टाइल्स. निळ्या, मासेवाल्या.

"अहो, पुरे करा," बायको कुलसुम म्हणाली. "लोक कपडे धुवायला येतील तिथे."

"तू गप. हरायचं नाय आपण." इलियासने टाइल्सवर पुन्हा सफेदी मारली.

दुसऱ्या दिवशी इमादचे आजोबा आले. काठी टेकत कब्रस्तानभर फिरले.

"गलबत कुठाय?"

इलियासने हात दाखवला. फुजैलही तिथेच टपून बसला होता. पाण्याच्या टाकीसारखा एक पांढरा ठोकळा उन्हात चमकत होता. सफेदीखालून दोन मासे डोकावत होते.

म्हाताऱ्याने ठोकळ्यावर हात फिरवला.

"माझा आजोबा उरणहून मीठ घेऊन आला होता, इथल्या बंदरात वारला. खलाशांनी गलबताची कबर बांधली. बाप सांगायचा. म्हटलं, तुम्ही त्याच नाखव्याचे, म्हणजे आपलं नातं निघालं." ते गर्रकन वळले. "कुणी केलं हे?"

"यानेच!" इलियास म्हणाला.

"कबर याची आहे हो! मी फक्त सामान पुरवलं," फुजैल म्हणाला.

"याची? परवापर्यंत तुझी होती ना, हरामखोर?"

"चूप!" म्हातारा कडाडला. "निकाहचं नाव काढायचं नाय. आधी माझ्या आजोबाला बाहेर काढा. दगडाला ओरखडा दिसला, तर स्थळ मोडलं म्हणून समजा."

त्या दिवसापासून दोघं मावसभाऊ छिन्नी-हातोडी घेऊन कबरीच्या दोन बाजूंना बसू लागले. एकमेकांकडे बघायचे नाहीत, फक्त शिव्या द्यायचे. आठवडा झाला, चार टाइल्स निघाल्या.

"साल्या, सिमेंट कुठलं वापरलंस?" इलियासने घाम पुसत विचारलं.

"दुकानातलं सगळ्यात भारी," फुजैल दात खात म्हणाला. "उभ्या जन्मात पहिल्यांदाच भेसळ केली नाय."