टिकणारी खुर्ची

"ही छान आहे गं, ताई. अंग कसं सामावून घेते बघ," असं म्हणत आई दुकानातल्या वेताच्या खुर्चीत जी रेलली, ती उठेचना.

धाकट्या भावंडांमुळे घरात सगळेच तिला ताई म्हणत, आईसुद्धा. भावंडं आपापल्या संसाराला लागली आणि घरात या दोघीच उरल्या. ताई पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायची. गंज आणि ओल यांच्याशी तिचं रोजचंच भांडण. त्यात घरची बाल्कनी समोरच्या उंच इमारतीच्या सावलीत, बारा महिने दमट. वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच. तिने हे सगळं दुकानदाराला सांगितलं.

"मग लोखंड नकोच," तो म्हणाला. "रंगाचा टवका उडाला की गंज धरलाच. लाकूड फुगेल. वेताला बुरशी येणार. ही ॲल्युमिनियमची न्या, प्लॅस्टिकच्या विणीची. वर्षानुवर्षं बघायला नको."

"ऐकलंस ना, आई? ती वेताची सहा महिन्यांत काळी पडेल."

"पडू दे की," आई हसली. "मला तरी कुठं त्यापुढे बसायचंय?"

दुकानदाराने नजर खाली वळवली. डॉक्टर काय म्हणाले ते दोघींनाही ठाऊक होतं. पण ते असं, परक्यासमोर, हसत हसत! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"असलं काहीबाही बोलायचं नाही," ती फटकन म्हणाली आणि ॲल्युमिनियमची खुर्ची बांधायला सांगितली. वेताची घेतली असती, तर डॉक्टरांचं म्हणणं आपणच कबूल केल्यासारखं झालं असतं.

खुर्ची घरी आली. आई बसली. "जरा गार लागते गं," म्हणाली, आणि ताईचा चेहरा बघून घाईघाईने, "पण पुसायला बरी." ताईने वर उशी घातली. उशीला चार दिवसांत कुबट वास यायला लागला, म्हणून काढून टाकली.

एकदा ताई कामावरून लवकर आली, तर आई बाल्कनीत खाली जुनी रजई अंथरून भिंतीला टेकलेली.

"अगं, खुर्ची सोडून खाली काय बसलीस?"

"बटण पडलं होतं, ते शोधत होते."

"सापडलं?"

"हो, हो. सापडलं."

ताईने हात देऊन तिला खुर्चीत बसवलं. आई गुमान बसली.

थंडी सरायच्या आत ती गेली. भेटायला आलेली शेजारीण खुर्चीवरून हात फिरवत म्हणाली, "अगदी नवीच्या नवी आहे हो. कुठून आणलीत?" ताईने दुकानाचा पत्ता सांगितला.

सगळे पांगल्यावर ती बाल्कनी झाडायला गेली. खुर्ची बाजूला ओढली. मागची भिंत खालून शेवाळाने हिरवी झाली होती. फक्त एका जागी, पाठीएवढ्या रुंदीत, रंग स्वच्छ दिसत होता, घासून गुळगुळीत झालेला.

ताई केरसुणी धरून तशीच उकिडवी बसली. एका दुपारच्या टेकण्याने भिंत अशी मोकळी राहत नाही. आपण कामावर गेलो की आई रोज इथेच बसत असणार. आणि आपल्या येण्याची वेळ झाली की रजई गुंडाळून, खुर्ची पुन्हा जागेवर सरकवून उठत असणार. एकटीने. त्या दुखऱ्या गुडघ्यांवर.

त्या मोकळ्या जागेच्या कडांना शेवाळ धरू लागलं होतं.