ही काच किती मागचं सांगते?

ताई आमच्या विभागात आली ती पिशवीत एक बाटली घेऊन. मी मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजीत काम करते. शरीरातून काढलेले तुकडे आमच्याकडे येतात, त्यांचे पातळ काप काढून आम्ही मायक्रोस्कोपखाली बघतो. तिच्या लेखी मात्र मी डॉक्टर, म्हणजे मला सगळंच कळलं पाहिजे.

"हे तपासून दे," तिने बाटली टेबलावर ठेवली. आत तपकिरी, दाटसर काहीतरी होतं. "यांच्या वर्कशॉपमध्ये कपाटाच्या मागे सापडली."

भावोजी फर्निचर पॉलिशचं काम करतात. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून ते पॉलिश बनवतात, आणि कापडाच्या बोळ्याने लाकडावर असं चढवतात की टेबलात आपला चेहरा दिसावा. पूर्वी ते प्यायचे. थोडीथोडकी नाही, घर धुऊन निघेल इतकी. मग काही वर्षांपूर्वी एका सकाळी सोडली, कुणाला न सांगता. तेव्हापासून घोट घेतला नाही असं ते म्हणतात. ताईचा विश्वास बसतो, उडतो, पुन्हा बसतो. स्पिरिटचा वास अंगाला कायमचाच, त्यामुळे वासावरून काही ठरवायची सोयच नाही.

मी बाटली हुंगली. स्पिरिट. मग एक थेंब काचपट्टीवर टाकला आणि आम्ही दोघी वाकून बघत बसलो. थोड्या वेळाने थेंब वाळला आणि त्याची चकचकीत पापडी झाली.

"पॉलिश आहे गं."

"मग लपवून का ठेवलं?"

"उन्हापासून लांब ठेवलं असेल."

"तू त्यांचीच बाजू घे." ती बाटली पिशवीत कोंबू लागली, मग मध्येच थांबली. "डोळे पिवळे झालेत त्यांचे. जेवत नाहीत, उलट्या होतात. त्या वेळी असंच झालं होतं, आठवतं ना? कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, दारू बंद करा."

"भावोजी काय म्हणाले?"

"काही नाही. उठून बाहेर गेले. खोटं पकडलं गेलं की माणूस काय बोलणार?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली. पिवळे डोळे, भूक मेलेली, उलट्या, आणि मागचा तो सगळा इतिहास. मी परीक्षक असते तर विद्यार्थ्याने हेच उत्तर द्यावं अशी अपेक्षा केली असती.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या वर्कशॉपवर गेले. भावोजी एका आरामखुर्चीच्या हातावर बोळा फिरवत होते. डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा दिसत होता. मधूनमधून ते हात थांबवायचे आणि लाकडी पट्टीने पाठ खाजवायचे.

"तुला तिने पाठवलं," वर न बघता ते म्हणाले.

"मीच आले. घेतलीत का?"

"नाही."

"भावोजी, मी कुणाला सांगणार नाही."

"नाही म्हटलं ना!" बोळा डब्यात पडला. "तू विचारलंस, तिने विचारलं, त्या डॉक्टरने तर विचारलंही नाही. ज्याने एकदा घेतली त्याला दुसरा आजारच होत नाही, असं काही तुमच्या पुस्तकात लिहिलंय का?"

ते इतके चिडले की मी विषय बदलला आणि दुसऱ्याच गोष्टी विचारायला लागले. दुखतं का? हो, उजव्या बरगडीखाली. जेवणानंतर कळ येते, विशेषतः तळलेलं खाल्लं की, आणि थेट मागे खांद्याच्या पात्यापर्यंत जाते. लघवी? काळ्या चहासारखी. शौचाचा रंग?

"हे काय विचारणं झालं?"

"सांगा तर."

ते खाली बघून म्हणाले, "पांढरट. भिजवलेल्या चुन्यासारखा. खाजेने तर जीव नकोसा झालाय. चुकून कुणाला सांगितलं असतं, तर तेही दारूच्याच नावावर गेलं असतं."

मी तिथेच एका स्टुलावर बसले. शौचाला रंग येतो तो पित्तामुळे. पित्त यकृतात तयार होतं, थेंबाथेंबाने पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत साठतं, तिथे दाट होतं, आणि आपण जेवलो की पिशवी आवळून ते आतड्यात सोडते. तेलकट पचवायला ते लागतं. भावोजींचं पित्त आतड्यात पोचतच नव्हतं. ते मागे फिरून रक्तात चाललं होतं. म्हणून डोळे पिवळे, म्हणून ही खाज.

"पाइप तुंबलाय," भावोजी म्हणाले.

"हो. कशाने ते बघायला हवं."

नळी खड्यानेही तुंबते आणि गाठीनेही. गाठ असली तर पुष्कळदा दुखत नाही, नुसतीच कावीळ चढत जाते. त्यांना कळ येत होती, याचा मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी उगाच डबे सरळ करत बसले.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि त्यातला एक नळीत घसरून अडकलेला. दुर्बीण घालून तो काढला. नंतर सर्जनने पित्ताशयही काढून टाकलं. ऑपरेशन करताना त्यांना यकृत गुळगुळीत न दिसता दाणेदार दिसलं, म्हणून त्याचा लहानसा तुकडा घेऊन आमच्याकडे पाठवला. घरचं माणूस म्हणून मी तो तपासला नाही. आमच्या विभागप्रमुख बाईंनी तपासला.

खडे बघूनही ताईची शंका गेली नाही.

"खडे असतील," ती हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मला म्हणाली. "खडे आहेत म्हणून दारू नव्हती, असं थोडंच आहे? आणि यकृत दाणेदार का म्हणे?"

खोलीचं दार उघडंच होतं. आतून भावोजींचा आवाज आला, "डॉक्टर! तुमच्या त्या मशीनखाली दाखव तिला. माझं काळीज काढून दाखवल्याशिवाय तिचं समाधान व्हायचं नाही."

"झोपा तुम्ही. टाके तुटतील," ताई म्हणाली.

पण भावोजींनी ते मनावर घेतलं होतं. टाके काढायला आले त्या दिवशी ते ताईला घेऊन थेट आमच्या विभागात आले. मी त्या तुकड्याची स्लाइड लावली आणि ताईला स्टुलावर बसवलं.

"काय दिसतंय?"

"गुलाबी. वरून शेत दिसतं तसं, चौकोन चौकोन."

"सहाकोनी म्हणतात पुस्तकात, पण माणसात ते काही इतके रेखीव नसतात. मधोमध भोक आहे ती शीर. पेशींच्या ओळी तिच्याकडे धावतात. कोपऱ्यांवर बघ, तिथे तीन नळ्या एकत्र दिसतील: दोन रक्ताच्या, एक पित्ताची. रक्त कोपऱ्याकडून मध्याकडे येतं आणि पित्त उलटं, मध्याकडून कोपऱ्याकडे जातं."

"आणि हे हिरवट तपकिरी ठिपके?"

"अडकलेलं पित्त. खड्यामुळे साचलं होतं."

मग मी दुसरी स्लाइड लावली. तिच्यावर असा रंग चढवला होता की व्रण निळे दिसतात. ताईने डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मधल्या शिरांच्या भोवती, पेशीपेशींच्या मधून, बारीक जाळीसारखे निळे पट्टे पसरले होते.

"हे दारूचं," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"हो. जुनं. भरून आलेलं."

"आणि नवं?"

"नवी असती तर पेशींमध्ये चरबीचे पांढरे गोळे दिसले असते, काही पेशी फुगलेल्या असत्या. बाईंनी सगळं शोधलं. तसं काही नाही."

भावोजी खिडकीपाशी उभे होते. त्यांच्या खांद्यांतला ताण सैल होताना मला दिसला. ताईने मान वर केली.

"ही काच किती मागचं सांगते?"

हा प्रश्न येऊ नये असं मला वाटत होतं. खोटं बोलता आलं असतं. पण मी रोज ज्या रिपोर्टवर सही करते त्यात खोटं मिसळायला लागले, तर मग माझ्याकडे उरतं काय?

"काही आठवड्यांचं नक्की," मी म्हणाले. "फार तर काही महिन्यांचं. चरबी लवकर ओसरते. त्याच्या मागचं नाही सांगू शकत."

"म्हणजे मधल्या वर्षांचं काही नाही."

"नाही."

"आणि हा तुकडा यांचाच कशावरून?"

भावोजी हसले. पण ते हसू ऐकून मला तिथून निघून जावंसं वाटलं. "घ्या," ते म्हणाले. "काळजाचा तुकडा कापून दिला, तर आता तो कुणाचा ते सिद्ध करा."

मी स्लाइडवरचा नंबर दाखवायला गेले, त्यांनी हातानेच थांबवलं. ते ताईसमोर स्टूल ओढून बसले.

"हे बघ. मी खरं बोलतोय हे दाखवणारं मशीन कुणाकडे नाही. हिच्याकडेही नाही. तुला शंका येणार. मी वागलोच तसा. येऊ दे. पण आली की मला विचार. रोज विचार हवं तर. माझ्या पाठीमागे विचारत फिरू नकोस. त्याने मला चोरासारखं वाटतं, आणि चोरासारखं वाटलं ना, की मला..." ते थांबले. "तेव्हाच सगळ्यात जास्त घ्यावीशी वाटते."

ताई पदराने मायक्रोस्कोपची काच पुसायला लागली, तेव्हा मी तिचा हात धरला. त्या काचेला असला कपडा चालत नाही.

त्यानंतर ती खरोखर रोज विचारायला लागली. संध्याकाळी ते वर्कशॉप बंद करून आले की चपला काढता काढताच: "घेतली?" ते म्हणायचे, "नाही." पहिले काही दिवस हे पोलिसी वाटायचं. कधी ते वैतागायचे, "अगं, पित्ताशय नाही मला आता, नाहीतर पित्त खवळलं असतं." कधी ती विचारायला विसरली, तर तेच दारात थांबून राहायचे. डोळे पांढरे झाले होते, खाज गेली होती, तळलेलं मात्र अजून सोसत नव्हतं. निळे पट्टे राहतात का, असं ताईने मला फोनवर विचारलं. पुन्हा त्रास दिला नाही तर हळूहळू पुसट होऊ शकतात, पण सगळे जातील असं नाही, मी म्हणाले.

एकदा मी त्यांच्याकडे होते. भावोजी आले, चेहरा उतरलेला. गिऱ्हाइकाने एक मोठं कपाट परत पाठवलं होतं. पॉलिशला फोड आले होते.

"घेतली?" ताईने भाजी चिरता चिरता विचारलं.

"नाही," ते म्हणाले. मग चप्पल पायातच ठेवून म्हणाले, "पण आज दारूच्या दुकानासमोर दोनदा थांबलो."

ताईचा विळीवरचा हात थांबला. इतक्या वर्षांत हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. ती ओरडेल असं मला वाटलं. ती उठली, त्यांच्याजवळ गेली, आणि त्यांचं तोंड हुंगायचं सोडून त्यांच्या हातातली कामाची पिशवी घेतली.

"किती वाजता बंद होतं ते दुकान?" तिने विचारलं.

त्यांनी सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "तोवर बाहेर कुठे जायचं नाही. त्या कपाटाला फोड का आले ते सांगा मला. नीट, पहिल्यापासून."

ते उंबऱ्यातच खाली बसले आणि सांगायला लागले. तिला पॉलिशमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ती मधूनमधून प्रश्न विचारत राहिली. मी विळीवर बसून राहिलेली भाजी चिरायला घेतली.