पट्टीवरच्या सहा खुणा

“एक कान मशीनला द्यायचा, एक कान माणसांना. दोन्ही मशीनला दिलेस तर मशीन होशील, दोन्ही माणसांना दिलेस तर गर्दीत हरवशील.”

हा आवाज ज्याचा, तो थोरला, मास्तरांना डीजेचं काम शिकवणारा, जाऊन वीस वर्षं झाली. मास्तरांनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. थोरल्याने मागून येऊन हेडफोनची डावी वाटी त्यांच्या कानावर बसवली होती आणि उजवी कानामागे सरकवून दिली होती. आज, रविवारी दुपारी चार वाजता, हॉलच्या मंचावर डावी वाटी चढवताना तो आवाज पुन्हा आला, अगदी मानेजवळून आल्यासारखा. हल्ली मास्तरांना आतले आवाज फार स्वच्छ ऐकू येत. बाहेरचेच तेवढे धूसर झाले होते.

उंच खिडक्यांतून ऊन आत येऊन लाकडी जमिनीवर पडलं होतं. त्या उन्हात पाऊल ठेवून पन्नाशी, साठी, सत्तरी ओलांडलेली माणसं जमत होती. दातांचे निवृत्त डॉक्टर आणि त्यांची बायको. तिघी बहिणी, एकमेकींच्या साड्यांची निंदा करत. आणि लाल बुटांच्या बाई, ज्या नवरा गेल्यापासून एकट्याच नाचत आणि सगळ्यांआधी नाचायला सुरुवात करत.

“मास्तर, आज काय वाजवणार?” त्यांनी मंचाखालून विचारलं.

मास्तरांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, “तुमचे बूट सांगतील ते.”

“बूट म्हणतात, जरा दमानं घ्या.”

एके काळी मास्तरांचा फोटो भिंतीभिंतीवर असायचा. रात्री अकराला सुरुवात, पहाटे चारला शेवट, आणि दोन हजार माणसं त्यांच्या एका बोटावर उड्या मारायची. तबकड्यांनी भरलेली लाकडी खोकी दोघांनी धरून जिन्यावरून चढवावी लागत. मग सीडीच्या चकत्या आल्या, खोकी हलकी झाली. मग सगळा खजिना अंगठ्याएवढ्या काडीत मावला आणि उचलायला काही उरलंच नाही. पत्रकावरचं नाव आधी बारीक झालं, मग खाली सरकलं, मग ‘आणि इतर’मध्ये गेलं. बरोबरीच्यांपैकी एक टॅक्सी चालवत होता, एकाने किराणा टाकला होता, एक गेला होता. मास्तर तेवढे वाजवत राहिले. रात्रीचे कार्यक्रम संध्याकाळचे झाले, संध्याकाळचे दुपारचे झाले. ‘रविवारचा दुपारचा नाच, पन्नाशीपुढच्यांसाठी’, एवढंच आता हॉलच्या फळ्यावर असे. आठवड्यातून तीन तास. बाकीचे सहा दिवस त्या तीन तासांच्या भोवती उभे असत, अंगण राखणाऱ्या झाडांसारखे.

पहिलं गाणं लागलं. लाल बूट सरकले. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं आणि नेहमीचीच खंत वाटली. खालचा ठोका होता, पोटात लागत होता. पण त्यावर झांजांची जी बारीक चमक हवी, ती नव्हती. मशीनवर तीन गोल बटणं एकाखाली एक असतात: वरचे स्वर, मधले, खालचे. मास्तर आणि हॉलचा आवाज सांभाळणारा वायरबुवा खालच्या स्वरांना ‘जमीन’ म्हणत आणि वरच्यांना ‘उजेड’. मास्तरांनी सवयीने सगळ्यात वरचं बटण उजवीकडे फिरवलं. थोडा उजेड आला.

आपला डावा कान गेला आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पस्तीस वर्षं मशीनला दिलेला कान. मागोमाग उजवाही निघाला होता, पाय ओढत. तपासणीचा कागद दोन वर्षांपासून कपाटात कपड्यांखाली पडून होता. पण ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. बहिऱ्या डीजेला कोण उभं करणार? आणि कुणाला कळलेलं नाही, याची त्यांना खात्री होती. माणसं नाचत होती ना. पायांपेक्षा मोठी साक्ष कुठली?

मुलीलाही सांगितलं नव्हतं. तिला तर मुळीच नाही.

तिची आई शाळेत शिकवायची. ती सकाळी निघायची तेव्हा हे घरी यायचे. उंबऱ्यावर भेट, उंबऱ्यावर निरोप. बारा वर्षं त्या एका दारात संसार झाला, आणि मग तिने ते दार हळूच ओढून घेतलं. भांडण झालं नाही. भांडायलाही दोघांनी एका वेळी जागं असावं लागतं. जाताना ती एवढंच म्हणाली होती, “कान जातील एक दिवस तुमचे. तेव्हा तरी घरचं कुणी काय बोलतंय ते ऐकावंसं वाटेल.”

मुलगी मोठी झाली, दुसऱ्या गावी तिचं घर झालं, आणि दर रविवारी सकाळी तिचा फोन येऊ लागला. फोनवर तिचा आवाज पाण्याखालून यायचा. चढउतार कळायचे, शब्द नाही. मास्तर त्या चढउतारांवर ‘हो’, ‘अरे वा’, ‘बरं बरं’ बसवत जायचे, ठोक्यावर ठोका बसवावा तसे, आणि तोल जायच्या आत म्हणायचे, “चल, ठेवतो गं.”

तीन रविवारांपूर्वी ती खूप वेळ बोलली होती. हळू बोलली होती. मास्तर म्हणाले होते, “हो का? छान.” पलीकडे सगळं थांबलं, आणि फोन बंद झाला. ती काय म्हणाली होती, ते मास्तरांना आजही ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आज सकाळी मेसेज आला होता: ‘बाबा, माझ्याशी बोलायचं नसेल तर सरळ सांगा. मी पुन्हा फोन करणार नाही.’

त्यांनी उत्तर लिहिलं, ‘तसं नाही गं बाळ’, आणि पुसलं. तसं नाही तर मग कसं, ते लिहावं लागलं असतं.

दुसरं गाणं संपता संपता नाचणारे विरळ झाले. तिघी बहिणी खुर्च्यांवर जाऊन बसल्या. मास्तरांना वाटलं, गाणं मंद पडतंय, जीव नाही त्यात. त्यांनी उजेड आणखी वाढवला. डॉक्टरांच्या बायकोने कपाळाला आठ्या घातल्या. उजेड आणखी थोडा. मग मास्तरांनी मान वर केली तेव्हा उन्हाच्या चौकोनात एकट्या लाल बुटांच्या बाई उभ्या होत्या. दोन्ही हात कानांवर ठेवून, आणि तरीही पाय हलवत, मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून.

डॉक्टर मंचापाशी आले आणि मोठ्याने म्हणाले, “मास्तर, दात आंबले हो. दवाखाना बंद करून चार वर्षं झाली माझा, पुन्हा उघडायला लावता का?”

मास्तरांनी गाणं थांबवलं. पायांची साक्ष फिरली होती.

हॉलच्या मागच्या टोकाला आवाजाचं मोठं टेबल होतं. तिथे गेली कितीतरी वर्षं वायरबुवा बसायचा, गळ्यात वायरींची माळ घालून. मंचावरून आलेला आवाज त्याच्या टेबलातून जाऊन मग हॉलभर पसरायचा. दहा दिवसांपूर्वी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मागचा रविवार सुट्टीचा गेला, आणि आज पहिल्यांदाच तिथे एक नवी साऊंडवाली बसली होती. तिशीची, केस घट्ट बांधलेली.

“काय झालं?” मास्तरांनी मंचावरून उतरून तिच्यापाशी जाऊन विचारलं.

ती उभी राहिली. “सर, मी काही केलं नाही. तुम्ही जे पाठवलंत तेच बाहेर सोडलं. पण वरचे स्वर एवढे का चढवलेत? सुया टोचल्यासारखं होतंय.”

मास्तर तिच्या ओठांकडे बघत राहिले. तिला वाटलं त्यांना राग आला. ती घाईने म्हणाली, “इथं एक पट्टी चिकटवलेली आहे. मी आल्या आल्या बघितली. मला वाटलं जुनं काहीतरी असेल, म्हणून मी सगळी बटणं मधल्या खुणेवर सरळ करून घेतली.”

मास्तर वाकले. मंचावरून येणाऱ्या आवाजाच्या बटणाभोवती पांढऱ्या कागदी पट्टीचा अर्धगोल होता. त्यावर वायरबुवाच्या गिचमिड अक्षरात ‘मास्तर, उजेड’ असं लिहिलेलं, आणि पेन्सिलीच्या सहा बारीक रेघा. प्रत्येक रेघेशी एक साल. पहिली रेघ मधल्या खुणेच्या जराशी खाली. दुसरी तिच्याखाली. सहावी, या वर्षीची, जवळजवळ तळाला.

घरोघरी दाराच्या चौकटीवर पोराची उंची अशीच मांडून ठेवतात. फक्त त्या रेघा वर जातात.

“सर?” ती म्हणाली.

“शेवटच्या रेघेवर आणा,” मास्तर म्हणाले. “आणि तिथंच राहू द्या.”

ते मंचावर परत गेले. वाट लांब वाटली. त्यांनी गाणं पुन्हा लावलं. त्यांच्या कानांना ते विझल्यासारखं वाटलं, पण लाल बुटांच्या बाईंनी कानांवरचे हात काढले. डॉक्टरांनी बायकोला ओढत आणलं. बहिणी उठल्या. सात वाजेपर्यंत मास्तर वाजवत राहिले, आणि वरच्या बटणाला त्यांनी हात लावला नाही.

वायरबुवाचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. तो पलंगावर पाय लांब करून बसला होता.

“ये. नवीन पोरीनं कसं केलं?”

“पट्टी बघितली मी,” मास्तर म्हणाले.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि मास्तरांच्या उजव्या हाताला बसल्या. तेव्हा मास्तरांना आठवलं, या नेहमी उजवीकडेच येऊन बसतात. किती वर्षं झाली, कोण जाणे.

“सहा वर्षं,” मास्तर म्हणाले. “सहा वर्षं तू मला खेळवलंस.”

“खेळवलं काय? तू वर चढवायचास, मी खाली आणायचो. जमत होतं की आपलं.”

“सांगायचंस ना तोंडावर.”

“सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी मशीन झाकून ठेवलं असतंस. तुझा स्वभाव माहीत नाही का मला?” वायरबुवाने उशी सारखी केली. “आणि माझी रविवारची दुपार कुठं गेली असती? हिच्याबरोबर भाजी निवडत बसलो असतो.”

“बसायचंत की,” वहिनी म्हणाल्या. “हात झिजले नसते.”

कुणी हसलं नाही. मास्तर बशीतल्या चहाकडे बघत होते.

“लोकांना माहीत आहे?”

“लाल बूटवाल्या बाईंना आहे. डॉक्टरला असावं. कुणी बोललं नाही.” वायरबुवा थोडा पुढे झुकला आणि सावकाश, ओठ दिसतील असं म्हणाला, “माझ्यावर काय चिडतोस? मी एक गोष्ट लपवली, कबूल. पण तू स्वतः कुणाला सांगितलंस का रे? एका तरी माणसाला?”

त्या रात्री मास्तरांनी कपाटातला कागद काढला. घडीवर घड्या पडून तो मऊ झाला होता. त्यांनी तो खिशात घातला आणि सकाळची पहिली बस पकडली.

पाच तास खिडकीबाहेरून जग मुकाट सरकत राहिलं. झाडं वाऱ्याने हलत होती आणि आवाज नव्हता. शेजारचा माणूस काही बोलत होता, मास्तर मान हलवत होते. मग त्यांच्या लक्षात आलं, आपण पुन्हा तेच करतो आहोत. त्यांनी मान हलवणं थांबवलं. माणूस थोडा वेळ वाट बघून वर्तमानपत्रात शिरला.

मुलीने दार उघडलं. ती वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“बाबा? फोन तरी करायचात. एवढ्या लांब, न सांगता?”

“आत येऊ का?”

ती बाजूला झाली. स्वयंपाकघरात तिने त्यांना खुर्ची दिली आणि पाठमोरी होऊन नळ सोडला, भांडं विसळायला घेतलं. ती बोलत होती. मास्तरांना नळ ऐकू येत होता. तिच्या पाठीची हालचाल दिसत होती, मान एकदा झटकली गेलेली दिसली, खांदे एकदा वर होऊन खाली आले. आवाज नव्हता. या पाठीमागे काहीतरी मोठं घडून गेलं होतं आणि त्यावर आपण ‘छान’ म्हणालो होतो.

ते उठले. तिच्या शेजारी जाऊन त्यांनी नळ बंद केला.

“काय हो?” ती वळली. डोळे भरलेले होते. “एवढंही ऐकवत नाही तुम्हाला?”

हे मात्र त्यांना समजलं. ती समोर होती, खिडकीचा प्रकाश तिच्या तोंडावर होता. मास्तरांनी खिशातला कागद काढून ओट्यावर ठेवला, पण तिने तो उघडायची वाट पाहिली नाही.

“फोनवर तुझे ओठ दिसत नाहीत, बाळ,” ते म्हणाले. “मला ऐकू येत नाही. चार-पाच वर्षं झाली, जास्तच असतील. त्या रविवारी तू जे काही सांगितलंस, त्यातलं एक अक्षरही माझ्यापर्यंत पोचलं नाही. म्हणून आलोय. माझ्याकडे बघून एकदा पुन्हा सांगशील?”