आईचा हसरा फोटो

आमच्या लाम्पांगच्या बाजारात म्हातारी माणसं आपला शेवटचा फोटो आधीच काढून ठेवतात. शवपेटीपुढे तोच मांडायचा, मग तो चांगला नको? आईनं बुप्फाताईच्या स्टुडिओत गुलाबी रेशीम नेसून काढला होता. बुप्फाताई म्हणाली, "मावशी, जरा गंभीर व्हा." आई म्हणाली, "मेल्यावर होईनच की!" आणि जी हसली, तोच फोटो. छापू मात्र दिला नाही. "आत्ता छापलास तर यमाला वाटेल, मी तयार होऊन बसलेय."

आई गेली, तशी मी रडत स्टुडिओत गेले. बुप्फाताई पायरीवरच बसली होती.

"फोटो नाहीत गं," ती म्हणाली. "कुणाचेच नाहीत."

थनितनं नुकतेच तिचे सगळे फोटो जुन्या कॉम्प्युटरमधून काढून साठवणीच्या नव्या इलेक्ट्रॉनिक पेटीत भरले होते. थनित म्हणजे बाजारातल्या दुकानदारांचा कॉम्प्युटर सल्लागार. त्याच्या दारावर 'मान्यताप्राप्त' अशी सोनेरी पाटी. काहीही अडलं की आम्ही त्याच्याकडे धावायचो. येतं का, असं त्याला कुणी कधी विचारलं नाही.

तो आतच होता, पेटीपुढे मान खाली घालून.

"दहा वर्षांहून जुनं असेल ते पुसून टाक, असं मी पेटीला सांगितलं होतं. जागा भरू नये म्हणून."

"माझ्या आईचा फोटो परवा-परवाचा आहे!"

"पेटीनं साल विचारलं, मावशी. मी आपलं बौद्ध साल टाकलं, २५६७. कॅमेऱ्याचं साल इंग्रजी, म्हणजे आपल्याहून ५४३नं कमी. तिला वाटलं, सगळे फोटो पाचशे वर्षांचे. परत मिळवायची खटपट केली, काही हाती लागलं नाही."

मला आधी हसूच फुटलं. मग डोकं फिरलं. "अरे, मग ती पाटी कसली मिरवतोस?"

"ती हिशेबाच्या प्रोग्रॅमची परीक्षा दिली म्हणून मिळाली. ही पेटी मी पहिल्यांदाच बघितली. पण तुम्ही सगळे एवढ्या विश्वासानं सांगता, नाही म्हणायला तोंड उघडेना."

"तुझं उघडेना, आणि माझ्या हसऱ्या आईचं मिटवलंस की रे!"

शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून शवपेटीपुढे मांडला. ओठ घट्ट, नजर सरकारी. ही बाई मला कधी भेटलीच नव्हती. खाली जन्माचं साल, आणि मृत्यूचं, २५६७. थनित अगरबत्ती लावायला आला, त्या आकड्याशी अडखळला आणि तिथंच बसून ढसाढसा रडला. मला त्याची दया आली, तरी मी त्याला उठवलं नाही.

शेजारची कायूनआजी माझ्या कानाशी लागली. बातमी अजून तिच्यापर्यंत पोचली नव्हती.

"तुझी आई खामपान अशी रागावल्यासारखी का दिसते गं? माझा फोटो बघ, कसा हसरा आहे. बुप्फाकडे ठेवलाय ना जपून?"

मी मान डोलावली. नाही म्हणायला माझंही तोंड उघडेना.