नाव घेत नाही

"लाडके, देवापुढे तरी हात स्वस्थ ठेव गं," पुष्पलताबाई म्हणाल्या.

"हात स्वस्थ ठेवला तं झोप येते, बाई," असे म्हणून लाडकी मांडीवरची पट्टी गुंडाळत राहिली.

बाया हसल्या. शहाऐंशी सालातला बुधवार. बोईसरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये ख्रिस्ती मंडळीची प्रार्थनासभा. लाडकी दवाखान्यात आया. जखमांच्या पट्ट्या उकळायच्या, वाळवायच्या, गुंडाळायच्या, हे ती नवरा गेल्यापासून करत होती. गुंडाळायच्या उरल्या की सभेला घेऊन यायची. हॉल झाडायची तीच, चटया अंथरायची तीच. पुष्पलताबाई प्रार्थनेचे विषय आणायच्या. मंडळीत कामाची वाटणी अशी चोख होती.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी मुंगी आणि जीभ यांवर धडा घेतला. मुंगीवर मुकादम नसतो तरी ती दाणा साठवते. माणसाने तोंडावर पहारा बसवावा. सर्वांत मोठ्याने 'आमेन' पुष्पलताबाई म्हणाल्या. बाईंचा आवाज चांगला होता. घरी स्वयंपाकाला बाई होती, त्यामुळे आवाजाला वेळही भरपूर होता.

पुढच्या चटईवर वैतरण्याहून आलेले चिंधूमास्तर बसले होते. त्यांच्या मुलाशी लाडकीच्या जिवलीचे लग्न जवळजवळ ठरले होते. सभा संपली की तारीख बोलायची होती. लाडकीने त्यासाठी ठेवणीतले लुगडे नेसले होते आणि तोंड गोड करायला पिशवीत गूळ-खोबरे आणले होते.

"प्रार्थनेचे विषय?" पाळकसाहेबांनी विचारले.

पुष्पलताबाईंनी डोळे मिटले. "एका मुलीसाठी मनावर ओझं आहे. नाव घेत नाही. आपल्यातलीच. तारापूरला कापडाच्या कारखान्यात जाते. आई बिचारी दवाखान्यात राबते, तिला काय ठाऊक! पोरगी संध्याकाळी नाक्यावर टेम्पोतून उतरते. ड्रायव्हरशेजारून. मी काही म्हणत नाही. प्रभूने तिला सांभाळावं, एवढंच. आणि जे घर तिला करून घेणार आहे, त्यालाही प्रभूने बुद्धी द्यावी."

नाव तेवढे घेतले नव्हते.

"प्रभू, प्रभू," बाया चुकचुकल्या. पंगतीत कुणाच्या पानात अळी निघाली की बाकीचे मान लांब करून बघतात, तसे ते चुकचुकणे होते. उघड शिवीला निदान शिवीचा वास येतो. ही अत्तर लावलेली घाण होती. गेल्या वर्षी बाईंनी जिवलीला घरकामाला मागितले होते आणि पोरीने कारखाना पत्करला होता. मनावरचे ओझे तेव्हापासूनचे.

साखळी प्रार्थना सुरू झाली. एकीनंतर दुसरी. प्रत्येकीने 'त्या मुलीला' थोडे पुढे ढकलले. पहिलीच्या प्रार्थनेत ती नुसती टेम्पोत होती, रत्नाबाईंपर्यंत येताना मोहात पडली, आणि साखरबाईंनी तर तिच्या पापाची क्षमाही मागून टाकली.

मग लाडकीची पाळी आली. हातातली पट्टी अर्धी गुंडाळलेली.

"देवा," ती म्हणाली, "बाई नाव इसरल्या. मी सांगते. जिवली. माजी पोर. टेम्पोत मागं कापडाचे तागे असतात, म्हून पुढं बसते. संगं बुधी बसते, नवसी बसते. त्यांची पन नावं घे, नायतर तुला वाटंल एकलीच हाय. बाईंना काय पुसायचं होतं तं मी इथंच हाय, दर बुधवारी चटई घालते. आमेन."

त्या आमेनला कुणी आमेन म्हटले नाही. पाळकसाहेबांनी घाईने गीत सुरू केले, कुठलेही.

सभा सुटली. मास्तर दारात चपला शोधत होते. लाडकी पिशवी घेऊन गेली. "मास्तर, तोंड गोड करा."

"लाडकीबाय, आमी... प्रार्थना करून कळवतो."

दुकानदार 'उद्या या' म्हणतो, मंडळीतला माणूस 'प्रार्थना करून कळवतो' म्हणतो. माल दोघांकडेही नसतो.

"नाय म्हनायचं तं नाय म्हना ना, मास्तर."

"तसं नाय गं. लोकं बोलतात."

"लोकं कुटं बोलली? डोलं मिटून तर बसली होती."

मास्तरांना चपला सापडल्या.

तेवढ्यात पुष्पलताबाई आल्या. "गैरसमज नको हं लाडके, प्रेमापोटी बोलले मी. काय आणलंयस? अगं बाई, गूळ!" त्यांनी पिशवीत हात घालून बऱ्यापैकी खडा काढला आणि तोंडात टाकला. लाडकी त्यांचे चघळणे बघत राहिली, मग पिशवीचे तोंड बांधले.

पुढच्या बुधवारी तिने हॉल झाडला, चटया अंथरल्या, गीतांची पुस्तके मांडली, माठ भरला. पट्ट्यांचे गाठोडे काखेत घेऊन निघाली तर दारात पुष्पलताबाई.

"चाललीस? असू दे. आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करू हं."

"नाव घेऊन करा, बाई."

नाक्यावर टेम्पो थांबला. बुधी उतरली, नवसी उतरली, शेवटी ड्रायव्हरशेजारून जिवली. आईला बघून थबकली.

"सभा नाय आज?"

"हाय ना. झाडून आले."

पानवाल्याकडचे चारजण बघत होते. लाडकीने त्यांच्यादेखत पोरीच्या हातातला डबा घेतला, आणि दोघी रस्त्याच्या मधोमध चालू लागल्या.